पोळ्याच्या नाकाबंदीत सापडलेली चांदी

हा लेख मागवणाऱ्या संपादकांच्या पत्रात माझा उल्लेख ‘चांदीच्या व्यवसायातील उद्योजिका’ असा आहे. वाचून बरं वाटलं. माझ्या व्यवसायाची जागा म्हणजे दवाखान्यांचा मागचा जिना, त्या जिन्याखालचा अंधार, आणि त्या अंधारात फिनाइलच्या बाटल्यांशेजारी ठेवलेले प्लास्टिकचे कॅन. नव्वदच्या दशकात आणि त्यापुढची काही वर्षं मी वर्धा जिल्हाभर हे कॅन गोळा केले. तेव्हा मला उद्योजिका कोणी म्हटलं नाही. एका दवाखान्यातला शिपाई मी दिसले की आत ओरडून सांगायचा, “थे घाण पान्यावाली बाई आली!” मला ते वर्णन जास्त अचूक वाटतं.

घाण पाण्यात चांदी कशी, हे एकदाच सांगते. एक्स-रेच्या फिल्मवर चांदीच्या क्षाराचा पातळ थर असतो. जिथे किरण पोचतात तिथली चांदी डेव्हलपरच्या टाकीत काळी होऊन फिल्मवरच बसते. जिथे हाड आडवं येतं तिथे किरण फारसे पोचत नाहीत. तिथली बिनवापराची चांदी पुढच्या टाकीत, फिक्सरमध्ये, विरघळून जाते. या फिक्सरला आमच्याकडे सगळे हायपो म्हणतात. थोडक्यात, फिल्मवर तुमचं हाड पांढरं दिसतं, कारण तिथली चांदी माझ्या कॅनमध्ये आलेली असते. हे ऐकून एका निवृत्त हेडमास्तरांनी मला मोठ्या आशेने विचारलं होतं, “म्हणजे आपल्या हाडांत चांदी असते तर!” नाही म्हटल्यावर त्यांचा विज्ञानातला रस संपला.

मी या धंद्यात आले ती संशयामुळे. वर्ध्याला आमचं फोटोच्या सामानाचं दुकान होतं. नागपूरहून एक गृहस्थ यायचे आणि स्टुडिओवाल्यांचं वापरलेलं हायपो घेऊन जायचे. “तुमची कटकट वाचवतो,” म्हणायचे. बसचं तिकीट काढून, इतक्या लांब येऊन दुसऱ्याची कटकट वाचवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. चौकशी केली, आणि पुढच्याच वर्षी त्यांची कटकट मी वाचवली.

यंत्र म्हणाल तर फार काही नाही. एक टब, त्यात स्टीलचा पत्रा, समोर कार्बनच्या कांड्या आणि बॅटरी चार्जरसारखं एक खोकं. वीज सोडली की चांदी हळूहळू पत्र्यावर धरते. दिसायला ती चांदीसारखी मुळीच नसते, भिंतीचा सुटलेला चुना बरा. ती खरवडायची, सुहागा, म्हणजे टाकणखार, घालून मुशीत वितळवायची, लगड पाडायची, आणि सराफाकडे टंच काढून, म्हणजे शुद्धता तपासून, विकायची. सगळी कला वीज किती सोडायची यात. घाई केली की चांदीऐवजी काळा गाळ होतो आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो.

सुरुवातीला मी घाई करत असे. माझं शेड एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या आवारात होतं. त्यांच्या घरात कांदा-लसूणसुद्धा दाराबाहेर थांबत असे. एका सकाळी शेठजी नाकाला उपरणं लावून दारात उभे.

“बाई, आमच्या आवारात अंडे उकडून राह्यल्या तुम्ही?”

“नाही शेठजी. हे केमिकल आहे.”

“केमिकलमदी अंडे?”

त्यांनी आपल्या बायकोला आत पाठवलं. त्या माऊलीने टबात डोकावून पाहिलं, कचऱ्याची टोपली उलटी केली, आणि बाहेर येऊन सांगितलं, “टरफलं तं नाई दिसत. पूर्ण खाऊन टाकत असतीन.” शेवटी मी खरं सांगितलं, की यात चांदी आहे. शेठजींनी उपरणं नाकावरून काढलं. दीर्घ श्वास घेतला. तो वास त्यांना एकदम सोसवू लागला. पुढच्या महिन्यापासून भाडं वाढलं.

दवाखान्यातल्या माणसांना फसवणुकीचा सराव होता, पण कल्पनाशक्ती कमी. बहुतेक जण हायपोत पाणी घालत. काही जण डेव्हलपर मिसळत, तो काळ्या चहासारखा दिसतो आणि त्यात चांदी नसते. म्हणून मी पर्समध्ये तांब्याची तार ठेवत असे. तार घासून हायपोत बुडवायची. चांदी असेल तर थोड्या वेळात तार पांढरी होते, नसेल तर तार तांब्याचीच राहते आणि समोरच्याचा चेहरा पडतो.

जुन्या फिल्मही मी घेत असे. त्या कॉस्टिकच्या पाण्यात धुतल्या की थर सुटून खाली बसतो आणि निळसर प्लास्टिक उरतं. रोहण्याकडचा एक शेतकरी स्वतःच्या पायाची फिल्म विकायला घेऊन आला होता. मी भाव सांगितला तर म्हणतो, “दोन जागी मोडला होता बाई. डबल लावा.”

“भाऊ, मोडलेल्या हाडाला भाव नाही. फिल्मवर काळं जितकं जास्त, तितकी चांदी जास्त.”

“असं? मंग डाक्टरनं माह्या पायच काऊन काढला? बाजूचं काळं तं केवढं होतं!”

एक्स-रे संगणकावर दिसू लागला आणि हा सगळा प्रकार संपला. आता डार्करूममध्ये दवाखाने झाडू ठेवतात. त्याबद्दल मला रडायचं नाही. धंदे संपतात. मला लिहायचं आहे ते शालिकबद्दल.

शालिक एका तालुक्याच्या गावातल्या सरकारी दवाखान्यात डार्करूमचं काम करायचा. गावाचं नाव लिहीत नाही, कारण मला अजून त्या रस्त्याने जावं लागतं. फिल्म धुवायची, वाळवायची, टाक्यांतलं पाणी बदलायचं, हे त्याचं काम. माणूस सरळ होता. हायपोत पाणी घालत नसे. दर कॅनमागे त्याला मी काही रक्कम देत असे, तिला आम्ही दोघंही चहा म्हणायचो. त्या हिशोबाने तो चहात पोहत असायला हवा होता. ही रक्कम कोणत्या नियमात बसते, हे त्याने विचारलं नाही, मीही विचारलं नाही. हायपो तोवर सगळीकडे मोरीत जात होतं, आणि मोरीतल्या गोष्टीला सरकारी नियम असेल असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

शालिक रोजंदारीवर होता. त्याला कायम करण्याची फाईल नागपूरला गेली होती, आणि मी गेले की तो मला तिची तब्येत सांगायचा. “फाईल निंगाली, वहिनी.” मग काही महिन्यांनी, “फाईल टेबलावर आली, वहिनी.” मग, “साहेब सुट्टीवर गेले, फाईल झोपली.” घरी त्याची आई होती, बायको होती, दोन पोरी होत्या, आणि सगळ्यांचं पुढचं आयुष्य त्या टेबलावर झोपलेलं होतं. त्या वर्षी पावसाळ्यात तो धावतच जिन्याखाली आला. “झालं वहिनी! आता फक्त पोलिसाचा दाखला लागते. चारित्र्य चांगलं आहे म्हणून. कागद आपल्याच ठाण्यात आला.”

“मग काळजी कशाची? तुझं चारित्र्य बिघडवायला तुला वेळ कुठे आहे?” मी म्हटलं.

आता बाहेरच्या वाचकांसाठी एक खुलासा. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. याचा अर्थ इथे दारू मिळत नाही असा नव्हे. याचा अर्थ ती लपवून न्यावी लागते, आणि त्यासाठी प्लास्टिकचे कॅन लागतात. माझ्या धंद्याचे कॅनही तसलेच. वापरलेलं हायपो पिवळट असतं आणि त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. मोहाच्या दारूचा वास ज्यांना ओळखीचा आहे, त्यांना हाही आपल्याच घरचा वाटतो. त्यातून पोळ्याच्या आधी पोलीस रस्तोरस्ती नाकाबंदी लावतात. बैलांचा सण असला तरी माणसंच जास्त पितात.

नेमक्या त्याच आठवड्यात दवाखान्याची तपासणी निघाली. वरचे साहेब येणार म्हणून डॉक्टरांनी जिन्याखालचे पाच कॅन पाहिले आणि शालिकला म्हणाले, “हे आजच्या आज हटव.” माझा टेम्पोवाला बैलबाजाराच्या भाड्यावर गेला होता. शालिकने ऑटो केला, कॅन चढवले, वरून चादर झाकली, आणि वर्ध्याचा रस्ता धरला. चादर झाकायला नको होती. उघडे असते तर कदाचित कोणी विचारलं नसतं.

नाक्यावर जमादारांनी चादर उचलली, एक झाकण उघडलं, वास घेतला.

“काय आहे रे हे?”

“हायपो, साहेब.”

“नवीन माल दिसते. कितीले विकतं?”

“दारू नाई जी, दवाखान्यातलं औषध होय.”

“सगळेच औषध म्हनतात. माह्या सासराही औषधच म्हनते.”

आमच्या दुकानात फोन आला तेव्हा नवऱ्याने उचलला. पलीकडून आवाज आला, “तुमची दारू धरली.” नवरा गोंधळून म्हणाला, “आमची कोणती?” मग त्याने फोन माझ्याकडे दिला आणि सगळं कळल्यावर म्हणाला, “तूच जा. तुला बोलता येतं.” आमच्या संसारात ही कामाची वाटणी पहिल्यापासून आहे.

एसटीने मी ठाण्यात पोचले. पाचही कॅन व्हरांड्यात ओळीने मांडले होते. शालिक भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. मला पाहून उठला आणि पुन्हा बसला.

“वहिनी, माह्या दाखल्याचा कागद इथंच त्या कपाटात आहे,” तो हळूच म्हणाला. “गुन्हा लिहिला तं संपलं.”

जमादारांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “तुम्ही कोण याच्या?”

“माल माझा आहे.”

“बायाच लय करतात हा धंदा आजकाल.”

“जमादार, हे दारू नाही. पाहिजे तर एक घोट घेऊन बघा.”

“ड्यूटीवर मी पीत नाई,” ते गंभीरपणे म्हणाले.

मी समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पद्धत सांगितली. नमुना नागपूरच्या प्रयोगशाळेत जाणार, तिथून अहवाल येणार, मग दारू नसेल तर शालिक निर्दोष. अहवाल यायला किती दिवस लागतात? त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. “बाई, मागच्या पोळ्याचे नमुने अजून नाई आले.” तोवर गुन्हा नोंदलेला राहणार, आणि गुन्हा नोंदलेल्या माणसाचं चारित्र्य चांगलं, असा दाखला याच ठाण्याने कसा द्यायचा?

तेवढ्यात ठाणेदार आले. साताऱ्याकडचे, नव्यानेच बदलून आलेले, बोलायला सभ्य. आणि त्यांच्या मनगटात तांब्याचं जाडजूड कडं होतं. सांधेदुखीवर गुणकारी म्हणून तेव्हा अर्धा जिल्हा ते घालून फिरत होता. माझी तार मी घाईत दुकानावर विसरले होते, म्हणून त्या कड्याकडे पाहून मला फार आनंद झाला.

“साहेब, कडं जरा काढून देता? इथल्या इथे दाखवते हे काय आहे ते.”

चहावाल्याकडून लिंबू आणि मीठ आणवलं, कडं घासून लख्ख केलं, आणि एका कॅनमधलं हायपो स्टीलच्या डब्यात ओतून त्यात सोडलं. सगळं ठाणं भोवती जमलं. आधी काही झालं नाही. जमादार खाकरले. मग लालसर तांब्यावर पांढुरकी झाक आली आणि बघता बघता ती वाढत गेली. मी कडं बाहेर काढलं, पाण्याने धुतलं, रुमालाने घासलं. चांदीचं दिसायला लागलं होतं.

“अबे बाप्पा!” जमादार म्हणाले.

पुढची काही मिनिटं कायदा आणि सुव्यवस्था स्थगित होती. एका शिपायाने तांब्याची अंगठी बुडवली. जमादारांनी ठाण्याच्या देव्हाऱ्यातली पळी आणली. कोणी तरी मुद्देमालाच्या खोलीतून चोरीच्या मोटारपंपाची तार ओढत आणत होता, त्याला ठाणेदारांनी परत पाठवलं. मी मध्ये उभी राहून समजावत होते, चांदी कुठून येते, हाडाचा आणि किरणांचा काय संबंध. इतकं लक्ष देऊन ऐकणारे श्रोते मला आयुष्यात पुन्हा मिळाले नाहीत. “म्हणजे दारू नाही, हे तर सिद्ध झालं,” असं म्हणून मी शालिककडे पाहिलं. तो हसत होता.

ठाणेदार कडं उलटसुलट करून पाहत होते. मग त्यांनी शांतपणे विचारलं, “बाई, दवाखाना सरकारी ना?”

“हो.”

“फिल्म सरकारी?”

“हो.”

“मग ही चांदी कोणाची?”

पळी डब्यातच राहिली.

“दारू असती तर दंडावर भागलं असतं,” ठाणेदार म्हणाले. “पण तुम्ही आत्ता पंधरा माणसांसमोर दाखवून दिलंत की हा कर्मचारी सरकारी चांदी ऑटोत घालून बाहेर नेत होता. वरून चादर झाकून.”

शालिक भिंतीशी पुन्हा खाली बसला होता. तिथूनच तो म्हणाला, “वहिनी, दारूच राहू द्या ना.”

तांब्याची तार विसरले होते तशीच जीभही दुकानावर राहिली असती, तर बरं झालं असतं.

“तुला हे न्यायला कोणी सांगितलं?” ठाणेदारांनी शालिकला विचारलं.

शालिकने मान खाली घातली. डॉक्टरांचं नाव त्याने घेतलं नाही. मी घेतलं. मला कायम व्हायचं नव्हतं.

डॉक्टर स्कूटरवरून आले. तपासणीच्या तयारीत होते, शर्टाला कडक इस्त्री होती. त्यांनी कॅन पाहिले, मला पाहिलं, शालिकला पाहायचं टाळलं. ठाणेदारांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि कडं त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं.

“डॉक्टर, यात चांदी आहे का? नीट विचार करून सांगा. आहे म्हणालात, तर मी तसं लिहीन. मग वरून प्रश्न येईल की आजवर इतकी वर्षं दवाखान्यातली चांदी कुठे गेली. त्याचं उत्तर मला द्यावं लागणार नाही.”

डॉक्टरांनी कडं उचललं. खिडकीपाशी नेऊन पाहिलं. त्यांच्या डोक्यात तपासणी, मोरी, मागची सगळी वर्षं आणि इस्त्रीचा शर्ट एका ओळीत उभे राहिलेले मला दिसत होते.

“नाही,” ते म्हणाले.

“मग हे पांढरं काय आहे?”

“केमिकल रिअ‍ॅक्शन.”

“म्हणजे?”

“म्हणजे,” डॉक्टरांनी चहाचा घोट घेतला, “रंग.”

“उतरतो?”

“उतरेल.”

ठाणेदारांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. मला वाटतं त्यांनाही ती चांदी नको होती. पाण्यात विरघळलेल्या चांदीचा पंचनामा कसा करायचा? वजन काय लिहायचं? मुद्देमालाच्या खोलीत कॅन सांडला तर किती चांदी गहाळ झाली म्हणायचं? पण सभ्य माणूस असल्याने त्यांनी कोणतीच बाजू कच्ची सोडली नाही. माझ्याकडे वळले.

“बाई, यातल्या जाणकार तुम्ही. आत्ता तुम्ही चांदी म्हणालात. डॉक्टर रंग म्हणतात. तुमचं काय म्हणणं आहे? जे सांगाल त्यावर सही घेईन.”

गावोगावच्या शिपायांना, कंपाउंडरांना, शेठजींना, स्वतःच्या नवऱ्याला मी वर्षानुवर्षं एकच गोष्ट पटवत आले होते, की हे घाण पाणी नाही. शालिक माझ्याकडे बघत नव्हता. तो त्या कपाटाकडे बघत होता.

“कचरा आहे साहेब,” मी म्हटलं. “फेकायचं पाणी. मी कटकट वाचवायला घेऊन जाते.”

“आणि चांदी?”

“माझा गैरसमज झाला.”

सही केली. मला वाटलं, आता कॅन उचलायचे आणि निघायचं. पण ठाणेदार म्हणाले, “परत कोणाला देऊ? दवाखान्याला दिलं तर दवाखान्याचं ठरतं. तुम्हाला दिलं तर तुम्ही कोणाकडून घेतलं ते लिहावं लागतं. कचरा आहे ना? मग फेकून देऊ.”

ठाण्यामागे नाला होता. पंच म्हणून समोरचा चहावाला आणि त्याच्या शेजारचा न्हावी आले. ते दोघे त्या ठाण्याचे कायमचे पंच होते, निम्म्या तालुक्यातले गुन्हे त्यांच्या डोळ्यांसमोर घडले होते. जमादारांनी एकेक कॅन गुडघ्याला टेकवून सफाईने ओतला. सराव दिसत होता.

“दारू ओततानी जीव तुटते बाई,” ते मला म्हणाले. “याचं काई नाई वाटत.”

मला वाटत होतं. पावसाळा हा आमचा हंगाम असतो. माणसं बांधावर घसरतात, बैल अंगावर येतात, ओल्या विजारी साखळीत अडकून सायकली पडतात. अख्ख्या तालुक्याने चिखलात आपटून घेतलेला माल त्या पाच कॅनमध्ये होता. तो बेशरमीच्या झुडपांतून वाकडातिकडा वाहत निघून गेला. नाल्यातल्या बेडकांचं काय झालं असेल कोण जाणे. त्यांचा जबाब कोणी घेतला नाही.

शालिकला सोडलं. गुन्हा नोंदला गेला नाही, कारण गुन्ह्याची वस्तू अस्तित्वातच नव्हती. त्याच आठवड्यात त्याच ठाणेदारांनी त्याच कपाटातला कागद काढून सही केली, की सदर इसमाचे चारित्र्य चांगले आहे. ते खरंही होतं.

दिवाळीनंतर जमादार आमच्या दुकानात आले. खिशातून रुमाल काढला, रुमालातून कडं काढलं. पुन्हा तांबडं पडलं होतं.

“साहेबाचा रंग उतरला,” ते म्हणाले. “मारून देता?”

मी मारून दिला. साहेबांची बदली होईपर्यंत मारून देत होते. सरकारी मताप्रमाणे त्यात चांदी नव्हती, त्यामुळे पैसे मागायची सोय नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात शालिक कायम झाला. मला पेढे पाठवले, स्वतः आला नाही. काही दिवसांनी त्या बाजूला काम निघालं, म्हणून मी रिकामा कॅन घेऊन दवाखान्यात गेले. शालिक मागच्या दारात उभा होता. अंगात नवा शर्ट, खिशाला पेन. शेजारी हायपोची भरलेली बादली. मी कॅन खाली ठेवला तसा तो मागे सरकला.

“नाई वहिनी. आता नाई जमत. डाक्टर साहेबानं ऑर्डर काढली, दर शनवारी हे सगळं गटारात ओतायचं अन् रजिस्टरवर लिहायचं.”

“अरे, तुला माहीत आहे ना यात काय आहे ते?”

“माहीत आहे ना जी.” त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “पण आता मी कायम आहो.”

ज्यासाठी मी ठाण्यात सही केली, तेच समोर नव्या शर्टात उभं होतं. मी कॅन उचलला आणि निघाले.

“वहिनी, थांबा जरा,” शालिक म्हणाला. तो आत जाऊन रजिस्टर घेऊन आला. “ओततानी एक साक्षीदार लागते. शनवारी कोनीच सापडत नाई इथं. आल्याच आहा, तं सही देऊन द्या.”

त्याने मांडीवर रजिस्टर धरून स्वच्छ अक्षरात माझं नाव लिहिलं. मग गाव लिहिलं. पुढच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

“व्यवसाय विचारते इथं. काय लिहू?”

मी बादलीकडे पाहिलं. चांगलं गडद हायपो होतं, पाण्याचा थेंबही न घातलेलं.

“गृहिणी लिही,” मी म्हटलं.

त्याने लिहिलं. मी सही केली. मग त्याने बादली उचलून गटारात रिकामी केली, तळाशी राहिलेलं हलवून तेही ओतलं, आणि साक्षीदाराने नीट पाहिलं की नाही, याची खात्री करून घेतली.